अकरा पावलांची पट्टी

मार्चच्या पहिल्या तारखेआधीचा सातवा दिवस, सीमादेवाचा सण, सूर्य उगवल्यापासून दुसरा तास. लिहायला बसण्याआधी मी अंगणात उद्याच्या दोराला चरबी चोळत होतो. हात पुसून पाट्या मांडीवर घेतल्या आहेत. मेणावर कुठे चरबीचा डाग दिसला तर तो माझ्याच बोटांचा आहे, मागाहून कोणी फेरफार केला असे समजू नये.

मी, नुमेरियस सफिनियस, व्हिबियस सफिनियसचा मुलगा, रोमचा नागरिक, राहणार नेपेते गावाच्या दक्षिणेकडचा उतार, वय चोवीस वर्षे पूर्ण, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहितो. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. अंगात ताप नाही. काल दुपारपासून वाइनचा थेंब घेतलेला नाही. कोणी बळजबरी केलेली नाही. उलट बायको म्हणते की पोटात मूल असताना घरात असले काही लिहू नये. माझे शिक्षण तीन हिवाळ्यांचे आहे, म्हणून जिथे कायद्याचा नेमका शब्द चुकला असेल तिथे माझा हेतू पाहावा.

लिहिण्याचे कारण असे. आमच्या उताराखालून खडकात कोरलेला भुयारी पाट जातो. तो कोणी खोदला हे आता कोणालाच माहीत नाही. पावसाळी पाणी त्यातून ओढ्याला जाते. या हिवाळ्यात तो तिसऱ्या विहिरीच्या, म्हणजे पाटात उतरायच्या उभ्या भोकाच्या, तोंडापाशी तुंबला आणि खालची सगळी शेते, माझी, शेजारी प्लारियसकाकांची आणि मोठ्या मळ्याची, तळी झाली आहेत. बार्ली कुजते आहे. आत उतरून गाळ काढायला अरुंद खांद्यांचा माणूस लागतो. गावात माझ्याइतके अरुंद खांदे कोणाचे नाहीत, हे लहानपणापासून सगळ्यांनी मला पुष्कळदा सांगितले आहे. माझ्या आजोबांच्या वेळी या पाटात दोन माणसे गेली ती परत आली नाहीत. मी उद्या उतरणार आहे. दोर प्लारियसकाका धरणार आहेत.

वारस आधी लिहायचे असतात. माझी बायको टेटिया हिला सहावा महिना आहे. माझ्या मृत्यूनंतर दहा महिन्यांच्या आत जे मूल जन्मेल, मुलगा असो वा मुलगी, ते माझे वारस होवो. हे वाक्य लिहायचे राहून गेले तर मूल जन्मताच सगळे मृत्युपत्र रद्द होते, म्हणून मी ते तीनदा वाचून पाहिले आहे. जुळी झाली तर निम्मेनिम्मे. मूल न जगले तर टेटिया वारस. टेटियाही नसेल तर तिचा भाऊ सेर्व्हियस. माझा चुलता मेटियस कोणत्याही परिस्थितीत वारस नाही. बायकांना कायदा पालक होऊ देत नाही, म्हणून मुलाचे पालक प्लारियसकाका असावेत. मात्र मूल टेटियाजवळच राहील आणि पेरणीचा निर्णय तिला विचारून व्हावा. कोणत्या तुकड्यात पाणी साचते हे तिला माझ्यापेक्षा नीट कळते.

घर, दोन खोल्या आणि गोठा, मुलाला. छपराच्या उत्तरेकडच्या बाजूच्या सहा कौलांना तडे आहेत. नवीन कौले गोठ्यात गवताखाली ठेवली आहेत, बसवायची राहिली.

जमीन बारा जोत, म्हणजे बैलजोडी बारा दिवसांत नांगरील तेवढी. सहा पेरलेली, सहा पडीक ठेवलेली. पडीक तुकड्यात यंदा वाल लावावेत आणि फुलावर येताच नांगरून गाडावेत. शेंगांचा मोह करू नये. मोठ्या मळ्याच्या मालकाचा माणूस जमीन विकत घ्यायला येईल. तो गोड बोलतो. त्याला बसायला द्यावे, पाणी द्यावे, आणि नाही म्हणावे. आमच्या ओढ्यापलीकडे पूर्वी नऊ घरांच्या चुली होत्या. आता तिथे एकच आहे आणि ती मळ्याच्या गुलामांची आहे.

बैल दोन. तांबडा सहा वर्षांचा आहे, तो कामाला राहावा. काळा म्हातारा झाला आहे. त्याला खाटकाला विकू नये. माझ्या वडिलांनी त्याला कधी पराणी लावली नाही आणि मीही लावलेली नाही. उभ्या उभ्या झोपतो, त्याला झोपू द्यावे.

नांगर, दोन कुदळी, तीन विळे मुलाला. द्राक्षवेली छाटायचा कोयता टेटियाला. ती माझ्यापेक्षा स्वच्छ छाटते. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तिने माझ्या हातून तो काढून घेतला आणि म्हणाली, तू प्रत्येक वेलीपाशी उभा राहून विचार करतोस, अशाने वसंत येईल. मला तेव्हा राग आला होता. तो केव्हाच गेला आहे, हे तिला मी कधी सांगितले नसावे.

मधमाश्यांची पोळी सात. त्यांतली दोन सेर्व्हियसला, कारण लग्नाच्या तिसऱ्या वर्षी सगळ्या माश्या मेल्या तेव्हा त्याने काही न मागता एक पोळे पाठीवर घालून आणून दिले होते, आणि वाटेत त्याचे तोंड सुजून डोळे बंद झाले होते.

चुलता मेटियस याला एक तांब्याचे नाणे आणि आजोबांचा काशाचा हंडा. हंडा त्याच्याचकडे आहे. आजोबा गेल्यावर नवव्या दिवशी तो मागच्या दाराने घेऊन गेला. मी त्याला तो रीतसर देतो, म्हणजे तो त्याचा होईल आणि त्याला माझ्या घरावरून जाताना मान वळवून चालावे लागणार नाही.

फिलेरोसविषयी. हा मोठ्या मळ्याचा कारभारी, मालकाचा गुलाम. ज्या तीन हिवाळ्यांत मी शिकलो ते त्याच्या खोलीत. एक पायली वाल घेऊन तो मला अक्षरे शिकवायचा आणि जाताना अर्धे वाल परत द्यायचा, म्हणायचा की आज अर्धाच धडा झाला. मी जे काही लिहू शकतो, हे मृत्युपत्रसुद्धा, ते त्याच्यामुळे. तो साक्षीदार होऊ शकत नाही, कारण गुलामाची साक्ष चालत नाही. माझी जाड लोकरीची घोंगडी त्याला द्यायची होती. पण त्यानेच मला शिकवले आहे की गुलामाला मृत्युपत्राने काही दिले तर ते त्याच्या मालकाचे होते. म्हणून घोंगडी या पाट्यांत लिहीत नाही. ती आज मी त्याला हाताने नेऊन देणार आहे.

इथपर्यंत लिहिणे सोपे होते. पुढचे कलम मी दोन वर्षे मनात लिहीत आलो आहे.

माझ्या आणि प्लारियसकाकांच्या शेताच्या मध्ये सीमेचा दगड आहे. आजच्या सणाला दर वर्षी दोन्ही घरे त्याच्या दोन बाजूंना उभी राहतात, आपापल्या बाजूने हार घालतात, कोकराचे रक्त आणि मध वाहतात आणि मग तिथेच बसून एकत्र जेवतात. दोन वर्षांपूर्वी शरद ऋतूत पावसाने माती धुऊन दगड कलला. तो सरळ करायला मी त्याच्या पायाशी खणले. खाली कोळसा नव्हता.

खरा सीमादगड बसवताना खड्ड्यात बळी जाळतात आणि गरम राखेवरच दगड उभा करतात. लाकूड सडते, कोळसा सडत नाही. शंभर वर्षांनी भांडण झाले तरी दगडाखालचा कोळसा साक्ष देतो. आमच्या दगडाखाली नुसती माती होती. प्लारियसकाका आठवड्याच्या बाजाराला गेले असताना मी कुदळ घेऊन गेलो, पण सरळ ओळीत खड्डे त्यांच्या बाजूला खणावेत की माझ्या, हेही कळेना. आधी त्यांच्या बाजूला चार खणले. काही नाही. मग माझ्या बाजूला खणत आलो. दगडापासून अकराव्या पावलावर कोळसा, कोकराची हाडे आणि फुटका दिवा सापडला. सगळे खड्डे बुजवून मी वर वाल टोचले, म्हणजे नवी माती दिसू नये.

याचा अर्थ असा की दगड कोणीतरी अकरा पावले काकांच्या शेतात सरकवला. आमच्या घरात ते करू शकणारा माणूस एकच होता. मी पाच वर्षांचा असताना, एकोणीस वर्षांपूर्वी, माझ्या वडिलांनी त्या पट्टीत एल्मची रोपे लावून त्यांवर द्राक्षवेली चढवल्या. उतारावर दुपारनंतरचे ऊन तेवढ्याच पट्टीवर थांबते. बाकीची जमीन आम्हाला पोटापुरते खपली गहू, बार्ली आणि वाल देते. मीठ, लोखंड आणि करासाठी लागणारा पैसा त्या पट्टीच्या वाइनमधून येतो. सीमेचा दगड हलवणारा माणूस देवाचा गुन्हेगार होतो. जुन्या काळी त्याला मारले तरी विचारणारा कोणी नसे. दोन वर्षे मी खोट्या दगडाला हार घातला आणि सगळे घरी गेले की माझ्या वाटचा मध अकराव्या पावलावर नेऊन ठेवला. प्लारियसकाकांनी एकदा मला पाहिले आणि विचारले की उंदरांशी नवी सोयरीक केलीस काय. मी हो म्हणालो.

म्हणून लिहिले: *वरील अकरा पावले रुंद आणि दोनशे पावले लांब पट्टी, वेलींसह आणि झाडांसह, माझ्या मृत्यूनंतर माझ्या वारसाने प्लारियस यांना द्यावी.*

हे कलम रद्द आहे. त्यावर आडवी रेघ मीच मारली आहे. मेण चोळून सपाट केलेले नाही, म्हणजे आधी काय ठरवले होते ते वाचता यावे. रद्द का केले ते लिहितो.

चौथ्या तासाला टेटिया गोठ्यातून आली आणि म्हणाली की आता जे काही लिहिलेस ते वाच. तिला वाचता येत नाही. मी फिलेरोसच्या कलमापासून पुढचे सगळे वाचले. दगडाचे तिला आज पहिल्यांदाच कळले. मग तिने विचारले की घोंगडी आजच का द्यायची. मी कायदा समजावून सांगितला.

ती म्हणाली, "म्हणजे ज्याला खरंच मिळावं असं वाटतं, त्याला जिवंतपणी द्यायचं. आणि काकांना मेल्यावर."

मी म्हणालो की ते वेगळे आहे.

"उद्या जिवंत वर आलास तर?"

मी लेखणीचे टोक बोटाने पुसू लागलो.

"मी सांगते. पाट्या चुलीत घालशील आणि पुढच्या सणाला परत उंदरांना मध वाढशील." मग ती दाराच्या उंबऱ्यावर बसली. "मला ती पट्टी हवीय, नुमेरियस. खोटं कशाला बोलू. त्या वेलींच्या जिवावर मी हे मूल धरलंय. ठेवायची असेल तर ठेव, मी जन्मभर तोंड उघडणार नाही. द्यायची असेल तर स्वतः दे. पण मेल्यावर दानशूर होऊ नकोस. तू जाशील निघून आणि काकांच्या तोंडाकडे बघायला मी उरेन, पदरात पोर घेऊन."

मी रेघ तेव्हा मारली.

सहाव्या तासाला सण झाला. टेटियाने चुलीतला विस्तव खापरावर आणला. प्लारियसकाकांनी कोकरू कापले. त्यांचे दोन्ही मुलगे गेले, एक सैन्यात आणि एक तापाने. मुलगी लांब दिली आहे. त्यामुळे गेली काही वर्षे त्यांच्या बाजूला ते एकटेच उभे असतात आणि स्वतःच्या बाजूचा हार फार निगुतीने घालतात. प्रार्थना होईपर्यंत बोलायचे नसते. ती झाली, काकांनी मधाच्या पोळीचा तुकडा मोडला, आणि मी सांगितले. सगळे एका दमात सांगितले, खड्डे किती खणले तेसुद्धा.

काकांनी तुकडा हातात तसाच धरून ठेवला. "किती पावलं?"

"अकरा. माझी. तुमची दहा भरतील."

"मोजलीस."

"तीनदा."

"मोजलीच असशील," ते म्हणाले. मग त्यांनी वेलींकडे पाहिले. "ती रोपं मी धरली होती. तुझा बाप व्हिबियस माती लोटत होता आणि मी एकेक रोप सरळ धरून उभा होतो. दोन दिवस. माझ्याच शेतात. आणि दुपारी मला जेवायला काय घातलं त्यानं? सलगम. उकडलेला."

त्यांनी तुकडा दगडावर ठेवला आणि ते निघून गेले. कोकराचे मांस कोणी खाल्ले नाही. टेटिया म्हणाली, झालं ते बरं झालं, पण तिचा हात पोटावर होता. मी घरी येऊन दोर पुन्हा पाहिला. उद्या तो कोण धरणार हे आता मला माहीत नव्हते. पालकाच्या कलमावर रेघ मारावी की नाही याचा विचार करत बसलो. मारली नाही. दुसरा माणूस सुचत नव्हता हे एक कारण. आणि दुसरे कारण असे की माझ्या वडिलांनी त्यांना फसवले म्हणून ते माझ्या मुलाला फसवतील असे मला एकदाही वाटले नाही.

मधल्या वेळात घोंगडी देऊन आलो. फिलेरोस म्हणाला की इतकी जाड घोंगडी पाहून मालक ती कोणाची म्हणून विचारील. मी सांगितले की शिकवणीचे राहिलेले अर्धे वाल आहेत असे सांग. तो पाठ वळवून काहीतरी हिशेब लावत बसला.

नवव्या तासाला प्लारियसकाका कुदळ घेऊन पट्टीत आले. हाक मारली नाही. दगडापासून दहा पावले मोजत आले आणि नेमक्या जागी खणायला लागले. मी जवळ जाऊन उभा राहिलो. कोळसा वर आला. मग हाड. ते त्यांनी अंगरख्याच्या टोकाने पुसले आणि तळहातावर ठेवून पाहत राहिले. हा दगड त्यांच्या आजोबांनी आणि माझ्या पणजोबांनी मिळून बसवला असे दोन्ही घरांत सांगत असत.

मला त्यांनी विचारले की व्हिबियसने हे का केले असेल. मी म्हणालो की मला माहीत नाही. त्या वर्षी गारांनी पीक झोपले होते आणि आई अंथरुणावर होती, एवढेच माहीत आहे. मी असेही म्हणालो की ते वाईट नव्हते. मला खांद्यावर बसवून ते जत्रेला नेत, आणि मला भीती वाटू नये म्हणून वाटभर माझे दोन्ही पाय धरून चालत. हे इथे लिहून ठेवतो, कारण माझ्या मुलाने आजोबांविषयी फक्त दगडाची गोष्ट ऐकू नये.

काका म्हणाले, "वाईट नव्हता म्हणूनच राग येतो. वाईट माणसावर मी नजर ठेवली असती."

मग ते खड्ड्याच्या कडेला बसले आणि आम्ही ठरवले ते असे.

पट्टी आजपासून प्लारियस यांची आहे. मृत्युपत्राने नव्हे, मी जिवंत असताना, माझ्या हाताने. खूण म्हणून त्या पट्टीतले मातीचे ढेकूळ मी टेटियासमोर त्यांच्या हातात दिले. दगड मूळ जागी नेताना देवाला डुकरीण द्यावी लागते. तिचा खर्च दोन्ही घरांनी निम्मा निम्मा करावा असे काका म्हणाले. मी म्हणालो की अपराध आमच्या घराचा आहे, तेव्हा सगळा खर्च माझा. ते म्हणाले, "दगड दोघांचा आहे. एकोणीस वर्षं मीही त्याच्याच पाया पडलो की." पुजाऱ्याशी काका बोलतील. मी बोलू नये असे त्यांनी दोनदा बजावले, कारण मी खड्ड्यांची संख्या सांगेन.

यंदाची छाटणी आमच्या घराने केलेली आहे, म्हणून यंदाची तोडणीही आम्हीच करावी. पुढच्या वर्षापासून त्या वेली निम्म्या वाट्याने कोणी कसायच्या हे काकांनी टेटियाला विचारले, मला नाही. ती म्हणाली की कोयता तिचाच आहे. त्यांनी मान हलवली. म्हणजे मुलाच्या वाट्याची निम्मी वाइन राहील. तेवढ्यात मीठ आणि लोखंड येते, कराला कमी पडेल. त्यासाठी पडीक तुकड्यातल्या दोन जोतांत सलगम लावावा.

उद्याच्या दोराचे मी विचारले नाही. निघताना काकाच म्हणाले की दोर तेच धरणार. "दुसऱ्याच्या हातात दिला तर तू खालून सूचना देत बसशील. त्या माणसाला सवय नाही."

पालकाचे कलम कायम आहे. मी त्यांना वाचून दाखवले. त्यांना ते मान्य आहे.

वरच्या सर्व रेघा, खाडाखोड आणि दोन ओळींच्या मध्ये लिहिलेले शब्द माझ्या हातचे आहेत. मला पुरायचे झाल्यास आई-वडिलांच्या शेजारी पुरावे, पट्टीपासून लांब. शोकाला नऊ दिवस पुरेत. बार्लीचे पाणी काढायचे आहे.

साक्षीदार, ज्यांनी पाट्या बांधून माझ्यासमोर आपापला शिक्का उमटवला: गायस प्लारियस, शेतकरी. अउलस व्हेसियस, कुंभार. मार्कस तिटिनियस, मेंढपाळ. लुसियस अल्फियस आणि पुब्लियस अल्फियस, भाऊ, चुनखडीची भट्टी. स्पुरियस कानियस, मालकाने मुक्त केलेला गुलाम, आता न्हावी. डेसिमस मुनाटियस, निवृत्त सैनिक. मजकूर फक्त पहिल्याने ऐकला आहे.

नुमेरियस सफिनियस. नेपेतेजवळ, सीमादेवाच्या सणाच्या दिवशी, बारावा तास.

सोबत हिशेब, शेवटच्या पाटीवर.

खर्च झालेले: मेणाच्या पाट्या पाच, तीन सेस्टर्स. कोकरातला माझा वाटा, सहा सेस्टर्स. हार, एक. साक्षीदारांना वाइन आणि चीज, चार. एकूण चौदा.

देणे: डुकरिणीची निम्मी किंमत, अंदाजे बारा सेस्टर्स.

देणे, प्लारियस यांचे: पट्टीत पहिले पीक चौथ्या वर्षी आले, म्हणजे सोळा तोडण्या, दर तोडणीला पाच घडे, एकूण ऐंशी घडे वाइन. हा आकडा मी काढला. त्यातून काकांनी निम्मे, म्हणजे चाळीस, आमच्या घराच्या मेहनतीचे वजा केले. सणावारी आमच्याकडे बसून ते स्वतः प्यायले त्याचे वर्षाला दोन घडे प्रमाणे बत्तीस वजा केले. मी म्हणालो की दोन होणार नाहीत, दीड होतील. ते म्हणाले की प्यायलो मी, मला माहीत. त्यांचा पाय मोडला त्या वसंतात माझ्या वडिलांनी त्यांचे शेत नांगरून दिले, त्याचे चार वजा केले. हे चार वजा करताना ते थोडे थांबले होते. बाकी चार घडे.

हे चार घडे यंदाच्या तोडणीनंतर द्यायचे आहेत. काकांचे म्हणणे असे की हे देणे ते फक्त माझ्याकडून, माझ्या हातून घेतील. वारसाकडून, बायकोकडून किंवा मेहुण्याकडून घेणार नाहीत. देणे वारसावर जातेच, असे कलम कायद्यात बसत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितले. ते म्हणाले, लिही.

लिहिले आहे.